एक नंबरचं गाणं

'एक नंबरचं गाणं' असं आपण अगदी सहज म्हणून जातो. पण हा नंबर लावतो तरी कोण? परीक्षेचे गुण आम्ही शिक्षक देतो. धावण्याच्या शर्यतीत दोरीपाशी उभे असलेले पंच पहिला-दुसरा ठरवतात. गाण्यांची शर्यत मात्र कुठल्या मैदानावर होते? आणि तिथं पंच म्हणून कोण उभं असतं?

पोलादपूर तालुक्यातल्या माझ्या शाळेत, चौथीच्या वर्गात, मधल्या सुट्टीत यावरून नेहमी भांडणं होतात. एक म्हणतो, "बाई, माझं गाणं एक नंबर! मोबाइलवर ते कोटी लोकांनी बघितलंय." दुसरी म्हणते, "आमच्या वाडीत ते कुणालाच येत नाय. आजीचं गाणं अख्ख्या वाडीला येतं. मग एक नंबर कुठलं?" मग दोघंही माझ्याकडे न्याय मागायला येतात. अशा वेळी मी निवाडा करत नाही. नंबर कसे लागतात, त्याची गोष्ट सांगते.

गोष्ट सुरू होते १९५२ साली. तेव्हा दूरदर्शन नव्हतं, मोबाइलचं तर नावच नको. होता तो रेडिओ, आणि तोही थोड्याच घरांत. त्या वर्षी नभोवाणी खात्याचे मंत्री झाले बाळकृष्ण केसकर. ते आपले मराठीच. त्यांना शास्त्रीय संगीताची मोठी आवड. सिनेमाची गाणी त्यांना हलकी वाटत. आकाशवाणीवर ती फार कमी झाली. लोकांनी काय केलं? रेडिओचा काटा फिरवला आणि समुद्रापलीकडचं रेडिओ सिलोन लावलं! सिलोन म्हणजे आजची श्रीलंका. तिथून ३ डिसेंबर १९५२ला, बुधवारी, 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. बिनाका हे दात घासायच्या पेस्टचं नाव बरं का! निवेदक होते अमीन सायानी. 'बहनो और भाइयो' अशी त्यांची साद आली, की ज्या घरी रेडिओ असे तिथं शेजारपाजार गोळा व्हायचा. तुमच्या आजी-आजोबांना विचारून पाहा, त्यांचा चेहरा खुलेल. २०२४च्या फेब्रुवारीत सायानी गेले, तेव्हा कित्येक घरांत या आठवणी पुन्हा निघाल्या.

सुरुवातीला गीतमालेत सात गाणी लावून श्रोत्यांसाठी कोडं घालत. पत्रांचा नुसता पाऊस पडायचा. पुढं कोडं गेलं आणि क्रमवारी आली. सायानी प्रत्येक क्रमांकाला 'पायदान' म्हणत. पायदान म्हणजे पायरी. १९५३ सालच्या वार्षिक यादीत पहिल्या पायरीवर होतं 'अनारकली' चित्रपटातलं एक गाणं. आवाज लताबाईंचा आणि चाल लावली होती सी. रामचंद्र यांनी, म्हणजे तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांनी. मराठी माणसाच्या चालीनं सारा देश डोलत होता!

पण पायरी ठरायची कशी? कुठली तबकडी किती विकली गेली, ते दुकानदारांना विचारत. गावोगावचे श्रोता संघही पत्रांतून आपली पसंती कळवत. पद्धत तशी चांगली होती. मी मुलांना म्हटलं, "आता विचार करा. यात कोण मोजलं गेलं?"

मुलं हुशार. त्यांनी लगेच फळ्यावर यादी करायला लावली. ज्याच्याकडे तबकडी घ्यायला पैसे होते, तो. ज्याच्या घरी ती वाजवायचं यंत्र होतं, तो. ज्याला पत्र लिहिता येत होतं, तो. मग एक मुलगी हळूच म्हणाली, "म्हणजे आमच्या आजीला कुणी मोजलंच नाय." तिची आजी शाळेत गेलेली नाही. जात्यावर, लावणीच्या वेळी चिखलात उभी राहून गाणारी बाई ती. तिनं कधी तबकडी घेतली नाही, की रेडिओला पत्र टाकलं नाही. तिचं गाणं कुठल्याच पायरीवर चढलं नाही.

हे आपल्याकडेच झालं असं समजू नका. अमेरिकेत 'बिलबोर्ड' नावाचं नियतकालिक गाण्यांची आणि अल्बमची आठवड्याची यादी छापतं. तिथंही पुष्कळ वर्षं दुकानदारांना फोन करून विचारायची रीत होती, "या आठवड्यात काय खपतंय?" दुकानदार आठवून सांगे, अंदाजानं सांगे. त्याला जे आवडे ते आधी आठवे! १९९१च्या मे महिन्यात रीत बदलली. बिस्किटाच्या पुड्यावर काळ्या रेघा असतात ना, तशा रेघा कॅसेटवरही छापलेल्या असत. गल्ल्यावरचं यंत्र त्या रेघा वाचून खरी विक्री मोजू लागलं.

आणि काय गंमत! थोड्याच दिवसांत यादीचा चेहराच बदलला. शेतकरी भागांत ऐकलं जाणारं कंट्री संगीत वर आलं. शहरांतल्या गरीब वस्त्यांतून निघालेलं रॅप वर आलं. मोठ्यांना ज्याचा गोंगाट वाटे ते दणदणीत रॉकही वर आलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मेटालिका या अमेरिकन रॉक बँडचा नवा अल्बम निघाला आणि थेट पहिल्या क्रमांकावर जाऊन बसला. पुढं एकट्या अमेरिकेत त्याच्या १ कोटी ६० लाखांहून जास्त प्रती खपल्या. गाणी लोकांना आवडली, हे तर खरंच. पण त्या यादीकडून शिकायचं ते वेगळंच आहे. ऐकणारे लोक तेच होते. मोजण्याची रीत बदलली, आणि इतके दिवस न दिसलेली माणसं दिसू लागली.

आता अमेरिकेतून थेट आपल्या महाडला या. २० मार्च १९२७ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळीनं पाणी प्याले. ज्या पाण्याला गुरंढोरं तोंड लावत, त्याला हात लावायची या माणसांना बंदी होती. ती त्या दिवशी मोडली. दर वर्षी २० मार्चला त्या आठवणीसाठी महाडला माणसांची रीघ लागते. तळ्याच्या आसपास पुस्तकांचे, तसबिरींचे आणि गाण्यांचे स्टॉल लागतात. मी लहान होते तेव्हा तिथं कॅसेटींच्या उतरंडी असायच्या. वामनदादा कर्डकांची गीतं, प्रल्हाद शिंदे आणि विठ्ठल उमप यांचे आवाज. वामनदादा मूळचे सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. मुंबईत कष्ट करता करता मोठेपणी अक्षरं शिकले, आणि मग हजारो गीतं लिहिली! माणसं एसटीत बसताना पोराबाळांसाठी खाऊ घेत आणि खिशात एक कॅसेट घालत. यातली किती गाणी गीतमालेत वाजली? एकही नाही. ती यादी हिंदी सिनेमाची होती.

या गाण्यांना पाय फुटले ते कॅसेटमुळे. तबकडी महाग, आणि ती काढणं मोठ्या कंपनीचंच काम. कॅसेट निघाली १९६३ साली, युरोपातल्या फिलिप्स कंपनीतून. आपल्याकडे १९८०नंतर ती खेडोपाडी पोचली. कोरी कॅसेट स्वस्त, आणि टेपरेकॉर्डरचं लाल बटण दाबलं की कुणाचाही आवाज तिच्यात उतरे. लहान लहान कंपन्या निघाल्या. भीमगीतं, विठ्ठलाची गाणी, कोळीगीतं, आनंद शिंदे यांचं ते पोपटाचं गाणं, सारं घरोघर वाजू लागलं.

माझ्या मामांचं महाडला घड्याळं आणि रेडिओ दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. गणपतीत ते टेपरेकॉर्डर घेऊन वाड्यावाड्यांत जायचे. आपल्याकडे तेव्हा बाल्या नाच होतो, शक्ती-तुऱ्याचे सामने रंगतात. एक शाहीर सवाल टाकतो, दुसरा गाण्यातच जवाब देतो. मामा सगळं टेप करायचे. वर निळ्या शाईनं गावाचं नाव आणि साल लिहायचे. अशा दोन ट्रंका भरल्या होत्या.

२२ जुलै २०२१ला सावित्रीचं पाणी महाडात शिरलं. त्याच दिवशी तळियेत दरड कोसळली आणि पुष्कळ माणसं गेली. त्या दुःखापुढं ट्रंकांचं काय सांगायचं? म्हणून मामा कित्येक दिवस काही बोललेच नाहीत. गाळ उपसताना मी म्हटलं, "मामा, भीमगीतांच्या कॅसेटी गेल्या, पण ती गाणी आता मोबाइलवरही मिळतात." ते म्हणाले, "बाजारातली मिळतील गो. वाड्यांतली कुठल्या दुकानात मिळणार?"

तेव्हा मला खरी गोष्ट कळली. यादीत नाव चढतं त्या गाण्याच्या पुष्कळ प्रती निघतात. एक भिजली, दुसरी राहते. ज्याला कुणी मोजत नाही, त्याची एकच प्रत असते. ती गेली की गाणं गेलं.

आम्ही सात-आठ कॅसेटी निवडल्या. स्वच्छ पाण्यानं धुतल्या, सावलीत वाळवल्या. मामांनी बारके स्क्रू काढून आतली फीत अलगद उचलली आणि दुसऱ्या कॅसेटच्या पेटीत बसवली. एका तासाच्या कॅसेटमध्ये जवळजवळ ९० मीटर फीत असते, ठाऊक आहे? तीनच वाजल्या. त्यांतली एक आमच्या शाळेजवळच्या वाडीची निघाली. मी ती मोबाइलवर उतरवून वर्गात लावली. ढोलकी स्पष्ट, शाहिराचा आवाज स्पष्ट, आणि ऐन जवाबाच्या वेळी नुसती खरखर! चार ओळी गाळानं खाल्ल्या होत्या. मुलं हिरमुसली.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी आजीला हाताला धरून शाळेत घेऊन आली. आजी बाकावर टेकली, डोळे मिटले आणि खरखरीच्या जागी नेमक्या त्या चार ओळी म्हणाली. नंतर हसून म्हणाली, "अगो बाय, आमी काय पाठ केलं नाय. ऐकलं नि ऱ्हायलं."

मग वर्गानं स्वतःची यादी करायची ठरवली. नियम मुलांनीच केले. किती जणांनी पाहिलं ते मोजायचं नाही. घरातल्या कुणाला तरी गाण्याची दोन कडवी तोंडपाठ हवीत, तरच एक गुण. गाणं कुणी रचलं, कुणी गायलं आणि घरात कुणाला येतं, तेही लिहायचं. २३ घरं झाली. पहिलं आलं प्रल्हाद शिंदे यांचं विठ्ठलाचं गाणं. दुसरं एक भीमगीत. तिसऱ्या जागेवर 'सैराट'मधलं नाचाचं गाणं आणि आजीचं लावणीचं गाणं, दोघांना सारखे गुण! मोबाइलवाला आणि आजीवाली, दोघंही खूश.

तुम्हीही अशी यादी करा. सुट्टीत गावी जाल तेव्हा वही न्या. मोबाइल घरच्यांचा घ्या आणि गाणाऱ्याला विचारूनच आवाज उतरवून घ्या. रचणाऱ्याचं नाव लिहायला विसरू नका.

आणि हो, सगळ्या ओळी भरून टाकू नका. आमच्या कातकरी वाडीतली चार घरं तेव्हा वीटभट्टीवर गेली होती. मुलांनी त्यांच्या नावानं तक्त्यावर चार ओळी कोऱ्या ठेवल्या आहेत. पावसाच्या तोंडाला ती माणसं परत येतात. तेव्हा त्यांचं गाणं विचारायचं आणि मगच बेरीज करायची.