टिकलीएवढा फरक

रायफलच्या काडतुसाच्या बुडाशी धातूची एक छोटी वाटी बसवलेली असते. तिला प्रायमर म्हणतात. दिवाळीत ज्याने पिस्तुलात टिकल्या फोडल्या आहेत, त्याला तिचं काम वेगळं समजावून सांगायला नको. ठोका बसला की पेटायचं, एवढंच. टिकलीचा खेळ आवाजावर संपतो. इथे त्या ठिणगीने आतली दारू पेटते आणि दारूच्या वायूने गोळी सुटते. काडतुसातला हा सगळ्यात लहान भाग, आणि नेमबाजांचे सगळ्यात लांबलेले वाद याच्याचवरून.

मी रायपूरजवळ उरल्यात एका रोलिंग मिलच्या लॅबमध्ये नोकरी करतो. बंदुकीशी माझा संबंध आला तो भाचीमुळे. ती कोल्हापूरला 50 मीटर रायफल प्रकारात खेळते. एका रात्री तिचा फोन आला. "मामा, डबा बदलला की माझा ग्रुप फुटतो. सर म्हणतात श्वासाकडे लक्ष दे. श्वास तर तोच आहे." ग्रुप म्हणजे लागोपाठ झाडलेल्या गोळ्यांच्या भोकांचा पुंजका. तो जितका आवळलेला, तितका नेमबाज आणि त्याचं सामान भरवशाचं. तिच्या त्या वाक्यामुळे मी वाचायला बसलो.

ठोक्याने पेटणारी दारू बंदुकीत आणली ती स्कॉटलंडच्या अलेक्झांडर फोर्सिथ या पाद्र्याने. त्याला पक्ष्यांच्या शिकारीचा नाद होता. चकमकीच्या बंदुकीत आधी बाहेर भडका उडायचा आणि मग बार व्हायचा. तेवढ्यात पाखरू सावध होई. 1807 साली त्याने आपल्या युक्तीचं पेटंट घेतलं. म्हणजे या चिमुकल्या वस्तूचा जन्मच मुळी क्षणाच्या एका अंशावरून झाला.

परदेशात स्वतःची काडतुसं स्वतः भरणारे हौशी पुष्कळ आहेत. नळी, दारू आणि गोळी तीच ठेवून ते फक्त प्रायमर बदलतात आणि गोळीचा वेग यंत्रावर मोजतात. त्यातून निघालेली गोष्ट मला आवडली: जोरदार प्रायमर म्हणजे चांगला प्रायमर नव्हे. गोल दाण्यांची, उशिरा पेटणारी दारू असेल तर तिला जास्त आच लागते. लहान काडतुसात तीच आच वेग खालीवर करू शकते. शिवाय प्रायमर बदलला की दाबही बदलतो, म्हणून जाणते लोक दारू कमी करून पुन्हा हळूहळू वर येतात. चांगला प्रायमर कोणता, तर जो दर वेळी सारखाच पेटतो तो.

आपल्याकडे हा घरगुती छंद नाही. 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे दारूगोळा बनवायला परवाना लागतो. आणि भाची वापरते त्या .22 च्या काडतुसात तर वेगळा प्रायमरच नसतो. पेटणारा लेप नळीच्या बुडाच्या कडेत, आतून फिरवून बसवलेला असतो. तो कारखान्यात जसा बसला तसा बसला. निवडायचा असेल तर अख्खा लॉटच निवडावा लागतो.

ढोबळ गणित असं. .22 ची गोळी साधारण सेकंदाला 330 मीटर वेगाने निघते. 50 मीटर जाईपर्यंत ती सुमारे 12 सेंटिमीटर खाली येते. वेग 10 मीटरने कमी पडला, तर ती आणखी सातेक मिलिमीटर खाली लागते. लक्ष्यावर दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास 10.4 मिलिमीटर, आणि तिथून पुढचं प्रत्येक वर्तुळ 8 मिलिमीटर बाहेर. म्हणजे हात स्थिर, श्वास स्थिर, आणि तरी जवळजवळ एक गुण गेला.

एका गुणाचं मोल काय? 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये जॉयदीप कर्माकार चौथा आला, कांस्यपदक 1.9 गुणांनी हुकलं. ते काडतुसामुळे हुकलं असं मी म्हणत नाही. पण त्या पातळीवरचे खेळाडू आपली रायफल घेऊन कारखान्याच्या चाचणी-रेंजवर जातात, ती शिकंज्यात आवळून एकेक लॉट झाडून बघतात आणि जमेल तो लॉट पेटीने विकत घेतात, ते उगाच नव्हे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे 2024 मध्ये पॅरिसला 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य जिंकला, तेव्हा आमच्या घरी फोनवर फोन झाले. पण त्याच जिल्ह्यातल्या सोळा वर्षांच्या मुलीला जर्मनीच्या रेंजवर कोण नेणार?

आमच्या मिलमध्ये भट्टीतून निघालेल्या प्रत्येक हीटला नंबर असतो. भंगार तेच, स्पंज आयर्न तेच, माणसंही तीच. तरी दोन हीटचे बिलेट आम्ही एकात मिसळत नाही. नंबर पुसला गेला तर माल बाजूला काढतो. मी भाचीला विचारलं, डब्यांवर लॉट नंबर आहे का? होता. क्लबातून मिळालेल्या सहा डब्यांत तीन लॉट निघाले.

मग तिने गरिबाची चाचणी केली. एकाच सकाळी, वारा नसताना, रायफल टेकवून, तिन्ही लॉटच्या दहा-दहा गोळ्या आळीपाळीने. दोन लॉट जवळपास सारखे. तिसऱ्याचा ग्रुप उभा लांबलेला. उभा पसारा म्हणजे वेगाचा पसारा. श्वासाचा दोष असता तर तो तिन्ही कागदांवर दिसला असता. तिने ते कागद सरांसमोर ठेवले. सरांनी बराच वेळ पाहिले आणि श्वासाबद्दल काही बोलले नाहीत.

महागडी रायफल, परदेशी शिबिर, कारखान्यातली चाचणी हे सगळं पैशावर अडतं, आणि ते कधी सुटेल तेव्हा सुटेल. पण कपाटातून डबे काढताना नंबर वाचून एका मुलाला एकाच लॉटचे डबे देणं, याला एक पैसाही जास्त लागत नाही. त्या मुलाला निदान एवढं तरी कळेल की चुकलं ते आपलं की काडतुसाचं.