डाव्या कडेचा माणूस

कोल्हापुरात मी पोरांना फुटबॉल शिकवतो. नव्या पोराला कुठं खेळणार विचारलं की उत्तर ठरलेलं असतं : फॉरवर्ड. बॅकला उभं केलं की पोराचं तोंड उतरतं आणि दोन दिवसांत वडील मैदानावर येतात, "सर, आमच्याला मागं का टाकलाय?" त्यात लेफ्ट बॅक म्हणजे सगळ्यांत उपेक्षित जागा. डाव्या पायाचा कुणी हाती लागला की त्याला तिथं उभा करायचा आणि विसरून जायचं. अशा वडिलांना मी इटलीच्या फाबिओ ग्रोसोची गोष्ट सांगतो. ती मला फार जवळची आहे, आणि ती नुसत्या नशिबाची गोष्ट आहे असं कुणी म्हटलं की मी वाद घालतो.

2006 च्या विश्वचषकातलं काय आठवतं, असं विचारलं तर लोक फ्रान्सच्या झिदानची अंतिम सामन्यातली धडक सांगतात. इटलीला चषक ज्यानं जिंकून दिला त्या ग्रोसोचं नाव पटकन ओठांवर येत नाही.

ग्रोसोचा जन्म 1977 चा. इटलीतले मोठे खेळाडू पोरवयातच मिलान, युव्हेंटस, रोमा अशा क्लबांच्या युवा संघांत वाढतात. हा वाढला आब्रुत्सो प्रांतात, रेनातो कूरी नावाच्या हौशी क्लबात. तिथून किएती या खालच्या श्रेणीतल्या संघात गेला. त्या काळात तो पुढं खेळायचा, गोलही करायचा. 2001 मध्ये पेरुजानं त्याला वरच्या श्रेणीत आणलं, तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता. त्या वयात त्याच्या पिढीतला बुफॉन देशाचा गोलरक्षक होऊन बसला होता. पेरुजात त्याचा लेफ्ट बॅक झाला. 2004 च्या सुरुवातीला तो दुसऱ्या श्रेणीतल्या पालेर्मोकडे गेला आणि संघासोबत वर चढला. इटलीचे प्रशिक्षक मार्चेल्लो लिप्पी यांनी विश्वचषकासाठी त्याला निवडलं, पण जागा पक्की नव्हती. घानाविरुद्धचा पहिला सामना तो खेळला, अमेरिकेविरुद्धच्या दुसऱ्या सामन्यात बाहेर बसला. त्या सामन्यात डावीकडे खेळलेला बॅक झाम्ब्रोत्ता उजवीकडे परतल्यावर डावी बाजू त्याला मिळाली.

बाद फेरीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध मातेराझ्झीला लाल कार्ड मिळालं आणि इटलीचे दहाच जण उरले. गोल कुणाचाच नाही. भरपाईच्या वेळेत ग्रोसो डाव्या कडेनं चेंडू घेऊन पेनल्टी क्षेत्रात घुसला, ऑस्ट्रेलियाचा बचावपटू ल्युकस नील जमिनीवर घसरला आणि ग्रोसो त्याच्यावरून पडला. पेनल्टी तोत्तीनं मारली आणि इटली जिंकली. ऑस्ट्रेलियन लोकांच्या मनात तो निर्णय अजून सलतो आणि त्यांचं दुःख मला कळतं. ग्रोसोनं ती टक्कर ओढवून घेतली, हे चित्रफितीत दिसतं. पण दहा जणांनिशी खेळताना, सगळे जादा वेळेची वाट बघत असताना, एक बॅक एवढं अंतर कापून पुढं गेला होता हेही तिथंच दिसतं.

आता उपांत्य सामना, 4 जुलै, डॉर्टमुंड. समोर यजमान जर्मनी, आणि या मैदानावर जर्मनी तोवर एकदाही हरलेली नव्हती. नव्वद मिनिटं गोलशून्य. जादा वेळेतही कोंडी फुटली नाही तर शूटआउट, आणि जर्मनी विश्वचषकात पेनल्टी शूटआउट कधीच हरलेली नव्हती. इटली 1990, 1994 आणि 1998 असे ओळीनं तीन विश्वचषक शूटआउटमध्येच गमावून बसली होती. लिप्पी यांनी बचाव गुंडाळून बसण्याऐवजी जिलार्दिनो, याक्विंता आणि देल पिएरो असे आघाडीचे खेळाडू एकामागून एक उतरवले. इतकं धाडस त्या पातळीवर मी क्वचित पाहिलं आहे. जादा वेळेत इटलीचा एक फटका खांबाला लागला, एक आडव्या दांडीला.

119 व्या मिनिटाला इटलीला कॉर्नर. जर्मन बचावानं चेंडू डोक्यानं बाहेर काढला, तो इटलीच्या पिर्लोकडे आला. इथं मी पोरांना चित्रफीत थांबवून दाखवतो. पिर्लो फटका मारत नाही. चेंडू पायात ठेवून तो उजवीकडे सरकत जातो, जर्मन खेळाडू त्याच्याकडे खेचले जातात. ग्रोसो सहा फुटांहून उंच, म्हणून कॉर्नरला वर गेलेला. चेंडू बाहेर आला की बॅक धावत मागं फिरतो, आम्हीही तेच शिकवतो. तो फिरलेला नाही. तो पेनल्टी क्षेत्रात उजव्या अंगाला आहे आणि लेफ्ट बॅकवर नजर ठेवायला कुणाला उसंत नाही. पिर्लो त्याच्याकडे न बघताच चेंडू आत सरकवतो. उजवीकडे उभ्या डाव्या पायाच्या माणसाला लांबचा कोपरा खुला दिसतो, पण चेंडू अडवला तर तो क्षण गेला. ग्रोसो अडवत नाही. थेट, आतून वळवत मारतो. जर्मन गोलरक्षक लेमान पूर्ण ताणून झेपावतो आणि चेंडू त्याच्या हाताबाहेरून जाळ्यात. 119 मिनिटं धावलेल्या पायानं असा फटका मारायला किएतीच्या मैदानांवरचा जुना आघाडीवीर अंगात असावा लागतो. पुढच्या दोन मिनिटांत देल पिएरोनं दुसरा गोल केला.

फ्रान्सविरुद्धचा बर्लिनचा अंतिम सामना 1-1 वर संपला आणि शेवटी शूटआउटच आलं. फ्रान्सच्या त्रेझेगेचा फटका दांडीला लागला. 2000 च्या युरो स्पर्धेचा अंतिम सामना त्यानंच इटलीकडून हिरावला होता. इटलीचा पाचवा फटका कुणाचा? मैदानावर तोनी आणि याक्विंता हे दोन निव्वळ गोल करणारे खेळाडू हजर होते. लिप्पी यांनी पाठवलं लेफ्ट बॅकला. फ्रेंच गोलरक्षक बार्थेझ एका बाजूला गेला, चेंडू दुसऱ्या बाजूनं वर. 5-3. इटलीचा चौथा विश्वचषक.

स्पर्धेनंतर तज्ज्ञांनी निवडलेल्या 23 जणांच्या सर्वोत्तम संघात सात इटालियन होते. ग्रोसो नव्हता. डाव्या बॅकसाठी त्यांनी जर्मनीचा फिलिप लाम घेतला. लाम थोर खेळाडू, त्याबद्दल दुमत नाही. पण बाद फेरीतली निर्णायक पेनल्टी मिळवणारा, उपांत्य सामन्याची कोंडी फोडणारा आणि अंतिम सामन्याचा शेवटचा फटका मारणारा माणूस तेवीस जणांत बसत नसेल, तर ती यादी मला मान्य नाही. माझ्या यादीत लेफ्ट बॅकचं नाव मी पहिलं लिहितो.