वेळापत्रकातील प्रभुवार

आयुष्याची तीसहून अधिक वर्षे आम्ही महाविद्यालयाच्या क्रीडाविभागात काढली. लोकांची समजूत अशी की, खेळाच्या शिक्षकाचा दिवस मैदानावर जातो. वस्तुस्थिती निराळी आहे. त्याचे निम्मे आयुष्य कागदावर चौकोन आखण्यात सरते. कोणता संघ कोणाशी खेळणार, कुठल्या मैदानावर, कोणत्या दिवशी, किती वाजता. बाद पद्धत की साखळी पद्धत. पंच कोण, चेंडू कोणाचे. हा कागद एकदा सूचनाफलकावर लागला की तो जणू आकाशातून उतरला असे सर्वांना वाटते. पण वेळापत्रक आकाशातून उतरत नाही. ते कोणीतरी आपल्या टेबलाशी बसून, आपल्या सोयीने आखलेले असते. ही गोष्ट आम्हांला फार उशिरा उमगली, आणि उमगली तीही परदेशात.

सन 2014 च्या शरद ऋतूत आम्ही लेकीकडे कॅलिफोर्नियात गेलो होतो. सॅन होजेजवळच सँता क्लारा हे जेज्वीट धर्मगुरूंचे विद्यापीठ आहे. विद्यापीठाच्या आवारातच जुने मिशन चर्च उभे आहे. तेथे मिस्सा ऐकून बाहेर पडलो, की जुन्या सवयीने आमची पावले मैदानाकडे वळत. एके दिवशी तेथील एका वयस्क कर्मचाऱ्याशी गप्पा रंगल्या. आम्ही त्याच्याच धंद्यातले आहोत हे कळताच तो खुलला आणि सामन्यांचा तक्ता दाखवू लागला. एका पाहुण्या संघापुढे रविवार कोठेच नव्हता. आम्ही कारण विचारले. तो म्हणाला, "ते प्रोव्होचे पाहुणे. ते रविवारी खेळत नाहीत. म्हणून आम्हीही त्या रविवारी खेळत नाही."

युटा राज्यातील प्रोव्हो येथे ब्रिगहॅम यंग विद्यापीठ आहे. लॅटर-डे सेंट्स, म्हणजे ज्यांना लोक मॉर्मन म्हणतात, त्यांच्या चर्चने ते चालविले आहे. त्यांच्या आणि आपल्या श्रद्धेत मोठे अंतर आहे. परंतु रविवारी आमचा एकही संघ मैदानात उतरणार नाही, हा त्यांचा नियम मात्र कुणालाही विचार करावयास लावील असा आहे. या नियमाची त्यांनी किंमतही मोजली. 1958 साली त्यांचा बेसबॉल संघ राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेस पात्र ठरला होता. पण तेथे रविवारी खेळावे लागणार म्हणून तो गेलाच नाही. पुढे राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने नियम केला की, एखाद्या संस्थेचे धार्मिक कारणास्तव विशिष्ट दिवशी न खेळण्याचे धोरण लेखी असेल, तर अजिंक्यपद स्पर्धेचे वेळापत्रक त्याप्रमाणे जुळवून घ्यावे. 1968 आणि 1971 साली तोच संघ त्याच स्पर्धेत खेळला. 1998 मध्ये ही सवलत काढून घेण्याचा निर्णय झाला होता. परंतु या विद्यापीठाने व नॉर्थ कॅरोलिनातील कॅम्पबेल या बाप्टिस्ट परंपरेच्या विद्यापीठाने विरोध केल्यावर तो मागे घेण्यात आला.

असे जुळवून घेणे सोपे नसते, हे ज्याने स्पर्धा भरविल्या आहेत तोच जाणे. तेथील पुरुषांच्या बास्केटबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेत काही संघ गुरुवारी आणि शनिवारी खेळतात, तर काही शुक्रवारी आणि रविवारी. प्रोव्होचा संघ नेहमी गुरुवार-शनिवारच्या गटात बसवावा लागतो. आणि एक संघ हलविला की त्याच्यामागे इतरही हलवावे लागतात. 2003 साली निवड समितीची चूक झाली. हा संघ पुढे गेला असता तर त्याला रविवारी खेळावे लागले असते, अशा विभागात तो पडला. मग आयत्या वेळी विभागांची अदलाबदल करण्याची तजवीज ठेवावी लागली. सुदैवाने म्हणा वा दुर्दैवाने, तो संघ पहिल्याच सामन्यात कनेक्टिकटकडून हरला आणि समितीची सुटका झाली.

परंतु राष्ट्रीय स्पर्धा वर्षातून एकदाच येते. वर्षभराचे सामने निराळेच असतात. अमेरिकेत काही विद्यापीठे एकत्र येऊन आपसांत साखळी सामने खेळतात. त्या गटाला तेथे 'कॉन्फरन्स' म्हणतात. प्रोव्होचे विद्यापीठ 2011 साली वेस्ट कोस्ट कॉन्फरन्समध्ये आले. त्यापूर्वी तिच्यात आठ विद्यापीठे होती, आणि वाचकहो, त्या आठांपैकी सात कॅथलिक होती! सँता क्लारा, गोन्झागा, सॅन फ्रान्सिस्को आणि लॉयोला मेरीमाउंट ही चार जेज्वीटांची. शिवाय सेंट मेरीज, पोर्टलंड आणि सॅन डिएगो. आठवे पेपरडाइन, तेही ख्रिस्ती परंपरेचेच. 2023 साली ते विद्यापीठ 'बिग ट्वेल्व्ह' या मोठ्या गटात गेले, तोपर्यंत बारा वर्षे या कॅथलिक संस्थांनी दुसऱ्या पंथाच्या मुलांसाठी आपला तक्ता बदलून घेतला. ज्या दिवशी खेळावयास स्वतःच्या धर्माची आडकाठी नव्हती, तो दिवस त्यांनी पाहुण्यांसाठी मोकळा ठेवला.

हे फुकट होत नाही. बेसबॉलचे तीन सामने साधारणपणे शुक्रवार, शनिवार आणि रविवार असे होतात. प्रोव्होशी खेळताना ते गुरुवारी सुरू होतात. म्हणजे दूरच्या संघाला बुधवारीच निघावे लागते आणि त्या विद्यार्थ्यांचा वर्गातला एक जादा दिवस बुडतो. आम्ही त्या कर्मचाऱ्यास विचारले, "मग कुणी कुरकुर करीत नाही?" तो हसून म्हणाला, "करतात की! पण ते रविवारी खेळत नाहीत हे त्यांना घरात घेतानाच आम्हांला ठाऊक होते."

त्या रात्री आम्हांला झोप आली नाही. सव्वीस वर्षांपूर्वीचा एक शनिवार आठवत राहिला.

1988 साली आमच्या महाविद्यालयाकडे आंतरमहाविद्यालयीन व्हॉलीबॉल स्पर्धेचे यजमानपद होते. तक्ता आम्हीच आखला. उपांत्य सामने शुक्रवारी, अंतिम सामना शनिवारी दुपारी चार वाजता. आमच्या संघात एक उंच, अबोल मुलगा होता. नेटजवळ तो उडी मारी तेव्हा प्रतिस्पर्ध्यांचे हात आपोआप खाली येत. तो सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट कुटुंबातला. शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी सूर्य मावळेपर्यंत ती मंडळी शब्बाथ पाळतात. तक्ता लागला त्याच दिवशी तो आमच्या खोलीच्या दाराशी येऊन उभा राहिला.

"सर, अंतिम सामना रविवारी दुपारी ठेवता येईल का?"

"रविवारी? अरे, रविवार प्रभूचा दिवस. रविवारी मी सामने ठेवीत नसतो."

तो क्षणभर थांबला. मग अगदी हळू म्हणाला, "सर, माझा प्रभूचा दिवस शनिवार आहे."

आम्ही त्याला समजावले. एका दिवसाने काय होते, देव मन पाहतो, विद्यापीठाच्या संघाची निवड समिती खास अंतिम सामना पाहावयास येणार आहे, अशी संधी पुन्हा येत नसते. तो ऐकत राहिला आणि "बरं सर" म्हणून निघून गेला. शनिवारी तो आला नाही. सामना आम्ही जिंकलो. हरलो असतो तर कदाचित त्याच आठवड्यात आमच्या मनाला टोचणी लागली असती. करंडक हाती आल्यामुळे विसरणे सोपे गेले. त्या संघातील दोघांची विद्यापीठासाठी निवड झाली. करंडकासह काढलेल्या छायाचित्रात तो नाही.

आता खरे सांगितले पाहिजे. रविवारी आम्ही सामने ठेवीत नसू, हे महाविद्यालयापुरते खरे. आमच्या स्वतःच्या धर्मग्रामात रविवारी मिस्सा सुटला की चर्चच्या मैदानावर क्रिकेट सुरू होई, आणि कित्येकदा पंच म्हणून आम्हीच उभे असू. ख्रिस्तसभेने ते कधी निषिद्ध मानलेले नाही. कॅनन कायदा आपल्याला रविवारी मिस्सात सहभागी होण्यास आणि ईश्वराच्या उपासनेच्या, त्या दिवसाच्या आनंदाच्या व विश्रांतीच्या आड येणारी कामे टाळण्यास सांगतो. शनिवारी सायंकाळच्या मिस्सानेही ते कर्तव्य पूर्ण होते. परमगुरू जॉन पॉल दुसरे यांनी 1998 साली प्रभूच्या दिवसावर प्रेषितीय पत्र लिहिले. आणि त्यांनीच 29 ऑक्टोबर 2000 रोजी, रविवारीच, रोमच्या ऑलिंपिक स्टेडियममध्ये खेळाडूंच्या ज्युबिलीनिमित्त मिस्सा अर्पण केला. नोत्र दाम या कॅथलिक विद्यापीठाच्या मुलींनी 2018 साली बास्केटबॉलचे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले, ते 1 एप्रिलला, म्हणजे चक्क पुनरुत्थानाच्या रविवारी. मिस्सानंतरचा खेळ आपल्याकडे आनंदाचाच भाग मानला जातो.

मग 1988 साली रविवारी दुपारी तीन वाजता सामना ठेवण्यास आमची कोणती हरकत होती? धर्माची तर नव्हतीच. हरकत होती रविवारच्या जेवणाची, दुपारच्या झोपेची, घरी येणाऱ्या पाहुण्यांची. त्या आरामाला आम्ही प्रभूच्या दिवसाचे नाव दिले. ज्याने खरोखर आपला दिवस पाळला त्याला 'देव मन पाहतो' असे शिकविले, आणि आपली मात्र एक दुपारही हलू दिली नाही.

एरिक लिडेल या स्कॉटिश धावपटूची कथा आपण आदराने सांगतो. 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 100 मीटर शर्यतीची प्राथमिक फेरी रविवारी होती, म्हणून तो त्या शर्यतीत उतरला नाही, आणि नंतर त्याने 400 मीटरचे सुवर्णपदक जिंकले. ही कथा ऐकताना आपण नेहमी लिडेलच्या बाजूने उभे असतो. त्या शर्यतींचा तक्ता कोणी आखला, हे विचारण्याचे आपल्या मनात येत नाही. सव्वीस वर्षे आम्हीही ते विचारले नव्हते. कारण उत्तर गैरसोयीचे होते. त्या कथेत आमची जागा धावपटूची नव्हती. आम्ही टेबलाशी बसलेलो होतो.

एक गोष्ट आणखी ध्यानात घेण्याजोगी आहे. मुंबईच्या गिरण्यांतील कामगारांना रविवारची साप्ताहिक सुटी मिळाली ती 1890 साली, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे. लोखंडे सत्यशोधक होते, महात्मा फुल्यांचे सहकारी. ज्या रविवारी आपली कष्टकरी कुटुंबे निर्धास्तपणे देवळात जाऊ लागली, तो मोकळा रविवार अशा रीतीने एका बिगरख्रिस्ती माणसाने झगडून मिळविलेला आहे. आपला पवित्र दिवस दुसऱ्या कोणीतरी राखून ठेवलेला असतो, तेव्हाच तो पाळणे आपल्याला सोपे जाते. ज्यांचा दिवस दिनदर्शिकेत तांबड्या शाईने छापलेला नसतो, त्यांना प्रत्येक वेळी कुणाच्या तरी दाराशी जाऊन उभे राहावे लागते.

घरी परतल्यावर आम्ही एका माजी विद्यार्थ्याकडून त्या मुलाचा पत्ता मिळविला आणि त्याला पत्र लिहिले. क्षमा मागण्यासाठी चार ओळी पुरतात, पण त्या लिहावयास आम्हांला तीन दिवस लागले. पंधरवड्याने उत्तर आले. तोही आता एका शाळेत खेळ शिकवीत होता. 'सर, तुम्ही समजता तितका मी थोर नव्हतो,' त्याने लिहिले होते. 'त्या शनिवारी मी प्रार्थनेला बसलो होतो खरा, पण मनात सारखा गुण मोजत होतो. आपण जिंकल्याचे सायंकाळी कळले तेव्हा मी रडलो. आनंदाने की दुःखाने, ते मला अजून ठरविता आलेले नाही.'

ते पत्र आमच्या प्रार्थनापुस्तकात आहे.

आता आम्ही निवृत्त आहोत. तरी धर्मग्रामाच्या स्पर्धांचा तक्ता आखण्यासाठी तरुण मंडळी अजून आमच्याकडे येतात. त्यात आता शेजारच्या वस्त्यांतील इतर धर्मांचे संघही असतात. पूर्वी आम्ही कागद, पट्टी आणि पेन्सिल घेऊन थेट चौकोन आखावयास बसत असू. आता त्याआधी प्रत्येक संघाकडे एक चिठ्ठी जाते: तुमच्यापैकी कुणाला एखाद्या दिवशी वा वेळी खेळणे श्रद्धेमुळे जमणार नाही काय? बहुतेक चिठ्ठ्या कोऱ्याच परत येतात. एखादीवर शुक्रवारच्या नमाजाची वेळ असते, एखादीवर कुणाचा उपवास असतो. मग दोन चौकोन खोडावे लागतात, एखादा सामना पुढे ढकलावा लागतो, आणि क्वचित आमची रविवारची दुपारची झोप जाते.

जाऊ दे. मिस्सा सकाळी झालेला असतो. प्रभूच्या दिवशी दुसऱ्यासाठी जागा करणे, हीदेखील त्या दिवसाची उपासनाच आहे, असे आम्हांला आता वाटते.