दिवाडी बेटावर दोन मुक्काम

काही दिवस पेजवर नोंद नव्हती, कारण मी चक्क गोव्याला गेलो होतो. सोयाबीन घरात आलं, हरभरा पेरून झाला, आंबे बहारासाठी मोसंबीला ताण दिलेला. झाडांनाच सुट्टी म्हणल्यावर कारभारीण म्हणाली, आता तुम्हीबी घ्या.

समुद्रावर नाही गेलो. मांडवी नदीत दिवाडी म्हणून बेट आहे. जुन्या गोव्याहून फेरीबोटीत बसायचं, माणसं, मोटरसायकली, गाड्या सगळं एकाच बोटीत, आणि थोड्याच वेळात पलीकडं. सप्तकोटेश्वराचं मूळ देऊळ याच बेटावर होतं. पोर्तुगीजांनी ते पाडलं, मग देव नदीपलीकडं नार्व्याला नेला. तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ साली केला. ते दर्शन झालं. बाकी वेळ मी बांधावर बसून काढला. पोरगी हसली, बाबा गोव्यात येऊनबी शेतच बघतात म्हणून.

पण ते शेत बघण्यासारखंच आहे. त्याला खाजन म्हणतात. भरतीला नदीचं पाणी खारं होतं आणि शेत त्या पाण्यापेक्षा खाली. मधी फक्त मातीचा बांध. बांधात एक दार असतं, त्याला मानस म्हणतात. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबानं फळ्या आपोआप बंद. ओहोटी लागली की आतलं पाणी ढकलून उघडतं. वीज नाही, मोटार नाही. मी दोन तास नुसतं ते दार बघत होतो. इतकं निवांत मी लग्नातबी बसलो नव्हतो.

तिथं कोरगुट नावाचं भात घेतात, ते खारेपणा सोसतं. पावसाळ्याच्या सुरुवातीचं पाणी जमिनीतलं मीठ धुऊन नेतं, मग पीक उभं राहतं. गोव्यात साधारण ३००० मिमी पाऊस, म्हणून हे जमतं. आपल्याकडं ७०० च्या आतच. आपली जमीन एकदा चोपण झाली की जिप्सम टाकत बसा.

तिथल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याशी बोलणं झालं. त्यांची कोंकणी मला निम्मी कळली. मी विचारलं, हा बांध कोणाचा? ते म्हणाले, "बाब, बांध सगळ्यांचो." एका जागी फुटला तर खारं पाणी सगळ्यांच्या शेतात शिरतं. पूर्वी गावकरी संस्था, म्हणजे पोर्तुगीजांच्या भाषेत कोमुनिदाद, बांधाची देखभाल करायची. मानशीवरच्या मासेमारीचा लिलाव होतो. काही ठिकाणी आता लक्ष राहिलं नाही, तिथं शेतात खारफुटी उभी आहे.

आणखी एक गंमत. तिथं ऑगस्टमध्ये बोंदेरां नावाचा सण असतो. दोन वाड्यांचं हद्दीवरून भांडण, हद्दीचे झेंडे लावायचे आणि दगड मारून पाडायचे, त्यातून तो निघाला म्हणतात. आता त्याच झेंड्यांची मिरवणूक निघते. आपल्याकडं हद्दीच्या भांडणाची मिरवणूक थेट तहसीलला जाते.

आमचंच बघा. चुलतभावाचं आणि माझं बांधावरून सात वर्षं बोलणं नाही. मधला ओढा गाळानं भरलाय. दोघांच्याबी विहिरी त्याच ओढ्याकाठी. २०१२ च्या दुष्काळात दोघांच्याबी मोसंबीच्या बागा वाळल्या, तेव्हा पाण्याचे टँकर मात्र वेगवेगळे आणले.

परवा त्याच्या आखाड्यावर गेलो. वहिनींनी चहा दिला. म्हणलं, दादा, जेसीबीचे तास निम्मे निम्मे करू, गाळ दोघांच्या रानात टाकू. तो म्हणाला, मोजणी झाल्यावर बघू. मोजणीची तारीख फेब्रुवारीची लागली आहे. गाळ मे संपायच्या आत निघायला पाहिजे, नाहीतर पुढचा पाऊसबी तसाच वाहून जाईल. फेब्रुवारीची वाट न बघता पुढच्या आठवड्यात परत जाणार आहे.