मुकी दाढ

दुःख गिळून हंसत राहण्याची कला आम्हांस साधली आहे, असा आमचा कांहीं महिने समज होता. आणि त्याचें सारें श्रेय आमच्या उजवीकडील एका दाढेस होतें. आठ रात्री तिनें आम्हांस जागविलें. लवंगेचें तेल झालें, मिठाच्या गुळण्या झाल्या. अखेर दंतवैद्यांची वेळ ठरली, आणि आदल्याच रात्रीं दाढ एकाएकीं राहिली. आम्ही जाणें रद्द केलें, आणि घरांत मनोनिग्रहावर एक छोटेखानी व्याख्यान दिलें.

पुढें हिरडीवर पुळी आली, तेव्हां जावेंच लागलें. क्ष-किरणांच्या छायाचित्रांत मुळाच्या टोकाशीं ज्वारीच्या दाण्याएवढी काळी सावली दिसली. तेथलें हाड झिजलें होतें. "दुखणें थांबलें, कारण दुखणारेंच आंत कोणी उरलें नाहीं," दंतवैद्य म्हणाले.

किडीच्या वाटेनें जंतु दाढेच्या गाभ्यांत शिरतात. गाभा सुजतो, पण भोंवतीं कठीण भिंती असल्यामुळें सुजेस जागा मिळत नाहीं. रक्तपुरवठा खुंटतो, गाभा मरतो, आणि त्याबरोबर वेदनाही. मग त्या प्राणवायुहीन अंधारांत प्राणवायूचें वावडें असलेले जंतु सुखानें नांदतात. रक्तवाहिन्याच नाहींत, तेव्हां शरीराचे शिपाई तेथें पोंचत नाहींत, आणि पोटांत घेतलेलें औषधही पोंचत नाहीं.

दोष जंतूंचाच, हें अमेरिकेंत १९६५ सालीं काकेहाशी, स्टॅन्ले व फिट्झजेराल्ड यांनीं उंदरांवर दाखविलें. दाढांचे गाभे त्यांनीं उघडे पाडले. साध्या उंदरांचे गाभे सडले; जन्मापासून निर्जंतुक वातावरणांत वाढविलेल्या उंदरांचे मात्र, वर अन्न साचूनही, भरून येऊं लागले.

आमच्या दाढेवर, जिला हल्लीं सारे 'रूट कॅनल' म्हणतात, ती क्रिया झाली. बारीक कानशींनीं मुळांतल्या नळ्या खरवडल्या, सोडियम हायपोक्लोराइटनें धुतल्या आणि गटापर्चानें बुजविल्या. एवढें करूनही कांहीं दाढा पुन्हां बिघडतात. त्यांत 'एंटेरोकॉकस फीकॅलिस' हा जंतु वारंवार सांपडतो. तो महिनोन्महिने उपाशी तग धरतो. मनोनिग्रहावर बोलण्याचा अधिकार खरा त्याचा!

रात्रीं जेवतांना हें सारें आम्ही रंगवून सांगत होतों. सौभाग्यवतींचा हात पोळीवरच थबकला. "म्हणजे दिवाळींत धाकटीची दाढ राहिली, ती...?"

आम्ही निरुत्तर झालों. त्या वेळीं पोर दोन रात्री रडली आणि गप्प झाली, तेव्हां तिच्या सोशिकपणाचें कौतुक आम्हीच केलें होतें. दुसऱ्या दिवशीं तिला घेऊन गेलों. दुधाच्या दाढेखालीं नवी दाढ घडत असते, आणि वरचा पू तिलाही बाधूं शकतो, असें तेथें कळलें. सुदैवानें वेळ टळली नव्हती.

आतां आमच्या घरांत कोणाचें कण्हणें एकाएकीं थांबलें, कीं आम्ही कौतुक करीत नाहीं. उठून दिवा लावतों.