टू बीएचके, पण कुठे?

पुण्यात 'घर घेतोय' असं नुसतं म्हणून बघा. किती स्क्वेअर फूट, कितवा मजला, बिल्डर कोण, हे सगळं नंतर. पहिला प्रश्न एकच, 'कुठे?' तुमच्या उत्तरावरून समोरचा मनातल्या मनात तुमचं पॅकेज, तुमच्या जोडीदाराचं पॅकेज आणि तुम्ही पुण्यात किती वर्षं मुरलेले आहात, याचा हिशेब मांडून मोकळा होतो. सदाशिव किंवा नारायण म्हणालात तर भुवया अजूनही आदराने वर जातात. सूस-म्हाळुंगे म्हणालात तर हमखास विचारतात, 'म्हणजे पुण्यातच ना?' (हो, पुण्यातच. ही गावं २०२१ पासून महापालिकेत आहेत.)

गेले आठ महिने मी या प्रश्नाला दर वीकएण्डला वेगळं उत्तर देत होते.

माझी केस जरा हटके आहे. मी फ्रीलान्सर. सॅलरी स्लिप नाही, ऑफर लेटर नाही. बँकेतल्या गृहस्थांनी 'फ्रीलान्स म्हणजे सध्या काही करत नाही का?' असं अगदी आपुलकीने विचारलं आणि तीन वर्षांचे रिटर्न्स मागितले. कर्ज मंजूर झालं ते गरजेच्या निम्मं. उरलेले पैसे आईचे. ती बार्शीतलं घर विकणार आणि माझ्याकडे राहायला येणार. ते घर बाबांनी बांधलेलं. ते गेलं की 'नाही जमलं तर परत जाईन' हा ऑप्शन तिच्याकडे उरत नाही. त्यामुळे एरिया निवडायचा म्हणजे माझा कम्यूट किती आणि जवळ चांगला कॅफे आहे का, एवढ्यावर भागणार नव्हतं.

खरं सांगायचं तर माझ्या डोक्यात औंध-पाषाणच होतं. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये शिकत असताना विद्यापीठाच्या मेन कॅम्पसवर जायचं निमित्तच शोधायचो आम्ही. ती झाडं, गव्हर्नरचा बंगला असलेली ती मुख्य इमारत! इथे जवळ राहायचं, सकाळी कॅम्पसमध्ये चालायला जायचं, असं स्वप्न. औंधचे रेट ऐकले आणि स्वप्न तिथेच आटोपतं घेतलं. शिवाय विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल मेट्रोच्या कामासाठी २०२० मध्ये पाडल्यानंतर त्या चौकात मी आयुष्याचे जे तास घालवले, ते आठवून फारसं वाईटही वाटलं नाही.

मग सूस. बजेटमध्ये टू बीएचके, चौदावा मजला, समोर टेकडी. सही फ्लॅट! पाण्याचं विचारलं तर सेल्सवाला मुलगा म्हणाला, 'ट्वेंटी फोर अवर्स, मॅम.' हे खोटं नव्हतं. शेजारच्या सोसायटीच्या वॉचमनने सांगितलं की पाणी चोवीस तास असतं, कारण टँकर येत राहतात. तो खर्च मेंटेनन्समध्ये. घर बघायला गेलात तर ब्रोशर घ्या, पण वॉचमन आणि इस्त्रीवाल्याशी बोलल्याशिवाय परत येऊ नका. आईचा प्रश्न मात्र वेगळाच होता. 'इथे संध्याकाळी बायका कुठे बसतात?' मुलाने लगेच क्लबहाउसचा प्लॅन काढून 'सीनियर सिटिझन्स कॉर्नर' दाखवला. तो अजून बांधायचा होता. आईने चौदाव्या मजल्यावरून खाली बघितलं, रस्त्यावर चालणारं एकही माणूस नव्हतं, आणि ती काही बोलली नाही. बोलली नाही म्हणजे विषय संपला, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

सिंहगड रोडला मी स्वतःच काट मारत होते. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर एकतानगरीत जे झालं ते कव्हर करायला मी गेले होते. पार्किंगमधल्या गाड्या आणि तळमजल्यावरचे फ्रिज एकाच चिखलात होते. सगळा सिंहगड रोड काही नदीत नाही, हे मान्य. पण तेव्हापासून पूररेषा हा शब्द माझ्या डोक्यातून जात नाही. निळी रेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या. नदीकाठी कुठेही घर बघत असाल तर प्लॉट या दोन रेषांच्या कुठल्या बाजूला आहे, हे आर्किटेक्टकडून नकाशावर बघून घ्या. सेल्स ऑफिसमध्ये हा नकाशा भिंतीवर लावलेला मी तरी पाहिला नाही.

नवी पेठ माझी लाडकी. एमपीएससीवाली पोरं, अभ्यासिका, मेस, रात्री अकरालाही चहा. तिथला एक वन बीएचके मी जवळजवळ फायनल केला होता. पण मालकाने किंमत सांगितली ती फ्लॅटची नव्हतीच. 'सहा मुलं आहेत, कॉट बेसिसवर. महिन्याला किती येतात बघा ना!' म्हणजे तुम्हाला राहायचं असलं तरी पैसे सहा कॉटचे मोजायचे. विद्यार्थ्यांच्या एरियात घरांचे भाव असे ठरतात, हे सहा वर्षं पेइंग गेस्ट म्हणून राहून मला कळलं नव्हतं. समोरच्या काकू मुलांच्या बाईक्सबद्दल अर्धा तास बोलल्या. २०२० मध्ये लॉकडाऊनमध्ये सगळी पोरं गावी गेली, तेव्हा इमारतीत आपल्या एकट्यांच्याच घरात दिवा होता, हेही त्यांनीच सांगितलं. कशाबद्दल जास्त तक्रार होती, मला नक्की सांगता येणार नाही. लिफ्ट नव्हती. आईने पायऱ्या मोजल्या, बावन्न. गुडघ्यांनी निकाल दिला.

आणि मग कर्वेनगर. खरं तर कर्वेनगर आमच्या लिस्टमध्येच नव्हतं. मैत्रिणीच्या घरी जेवायला गेलो होतो. जेवण झाल्यावर आई 'जरा चालून येते' म्हणाली आणि तासभर परत आली नाही. फोन तिने अर्थातच घरी ठेवला होता. मी घाबरून खाली आले तर ती एका मेसच्या बाहेर, कॉलेजच्या तीन मुलींबरोबर. एक लातूरची, एक नांदेडची, तिसरी चक्क बार्शीची! आईने पस्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवलंय. कुणाला एम-थ्री जड जातंय इथपर्यंत गप्पा पोचल्या होत्या.

महर्षी कर्व्यांनी १९०० मध्ये आपली संस्था इथे, म्हणजे तेव्हाच्या हिंगण्याच्या माळावर आणली. १९१६ मध्ये महिला विद्यापीठही इथेच सुरू झालं. पुण्याचं आजचं विद्यापीठ १९४९ चं, म्हणजे हे तेहेतीस वर्षांनी थोरलं! आजही इथे मुलींची हॉस्टेल्स, मेस, झेरॉक्सवाले यांची गर्दी आहे, आणि रात्री साडेनऊला एकटी बाई रस्त्यावर असली तर कुणी वळून बघत नाही. माझ्यासारखीला याची किंमत काय, ते इथे लिहायला नको.

फ्लॅट मिळाला तो पंचवीस वर्षं जुन्या बिल्डिंगमध्ये, पहिला मजला. टू बीएचके नाही, वन बीएचके आणि जोडून टेरेस. तेवढ्याच पैशांत सूसला एक अख्खी बेडरूम जास्त मिळत होती, हे गणित आईनेही केलं आणि मीही. मेट्रो दारात नाही, नळ स्टॉपपर्यंत रिक्षा. कन्व्हेयन्स झालेलं आहे, प्लॉट लाल रेषेच्या बाहेर आहे. (आधी आवडलेल्या एका सोसायटीची जमीन अजून बिल्डरच्याच नावावर निघाली. तिथून आम्ही पळालो.) घर दोघींच्या नावावर घेतोय, आणि खरेदीदार सगळ्या बायका असल्या की आपल्या राज्यात स्टॅम्प ड्युटी एक टक्का कमी, सातऐवजी सहा. आमचे ५८ हजार वाचले. भावाचं नाव घालायचा सल्ला देणाऱ्या मामाला आईने हा आकडा ऐकवला.

टेन्शन संपलंय असं नाही. सोसायटीत रीडेव्हलपमेंटची चर्चा सुरू आहे. उद्या ते ठरलं तर तीन-चार वर्षं परत भाड्याच्या घरात, आणि आई आता बासष्ट वर्षांची आहे. चेअरमन काकांनी 'मुली ठेवणार का कॉट बेसिसवर?' असं विचारलंच. लग्नाचंही विचारलं. मी तोंड उघडायच्या आत आईने त्यांना पाण्याची वेळ आणि टाकी कधी धुतात ते विचारलं.

टोकन दिलंय. ॲग्रीमेंट पुढच्या आठवड्यात, बार्शीच्या घराचं खरेदीखत त्यानंतर. तिकडच्या कढीपत्त्याच्या झाडाची दोन रोपं आईने डब्यांत लावून ठेवली आहेत. टेरेसवर ऊन किती वाजता येतं आणि किती वाजेपर्यंत असतं, ते शनिवारी जाऊन बघून यायचं काम माझ्याकडे आहे.