चौसष्ट ठिपक्यांतला 'ळ'

दिवाळीच्या सुटीत सौंसरला गेलो की एकदा माळ्यावर चढून यायचे, हा माझा नेम आहे. आई त्याला 'उंदरं मोजणं' म्हणते. दोन वर्षांपूर्वी तिथे एक फुटका कंदील आणि समईची जोडी यांच्यामध्ये, जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेला आमचा व्हिडिओ गेम सापडला. १९९६ साली मामांनी तो नागपूरहून, सीताबर्डीवरून घेतला आणि छोट्या लाइनच्या गाडीत मांडीवर धरून आणला होता. ती छोटी लाइन २०१५ मध्ये बंद झाली. व्हिडिओ गेमचा रंग पिवळा पडला होता, एवढेच.

ज्यांना हे यंत्र ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. जपानच्या निन्टेंडो कंपनीने १९८३ साली 'फॅमिकॉम' नावाचा खेळ-यंत्राचा संच बाजारात आणला. आमच्याकडे आली ती त्याची नक्कल. कॅसेट खोचायची, टीव्हीला वायर जोडायची आणि 'रिमोट' हातात घेऊन मारिओ नावाच्या मिशीवाल्या माणसाला उड्या मारायला लावायचे. कॅसेट चालली नाही तर तिच्यात फुंकर मारायची. त्या फुंकरीतल्या ओलाव्याने धातूच्या पट्ट्या गंजतात, हे पुढे इलेक्ट्रॉनिक्स शिकवायला लागल्यावर कळले. तोवर सौंसरातल्या निम्म्या पोरांनी आपापल्या कॅसेटी फुंकून गंजवल्या होत्या.

आई दारात बसून गहू निवडत आमचा खेळ पाहायची. ती काटोलकडच्या एका खेड्यातली, मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेली. तिला देवनागरी सफाईने वाचता येई. इंग्रजी अक्षर मात्र एकही नाही. मारिओचे तीन जीव संपले की पडदा काळा होई आणि मधोमध पांढरी अक्षरे उमटत. आई हमखास विचारी, "थे काय लिवलं हाय रे?" मी आणि ताई एका सुरात सांगायचो, "पुन्हा एकदा खेळा." यंत्रच सांगते म्हटल्यावर आई आणखी एक डाव देई. अभ्यासाचे कितीतरी तास आम्ही असे लुबाडले.

माळ्यावरून उतरवलेला तो संच मी इकडे घेऊन आलो आणि महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत कॅसेटीचे स्क्रू काढले. 'नव्व्याण्णव लाख खेळ' लिहिलेल्या कॅसेटीत काळ्या डांबरासारखा एक थेंब निघाला; त्याखालची चिप कुणालाच दिसायची नाही. (तिच्यात खरे खेळ मोजकेच. बाकी सारे तेच खेळ, कुठे जीव वाढवून तर कुठे मधल्याच टप्प्यापासून सुरू करून, नव्या नावाने घातलेले.) मारिओच्या कॅसेटीत मात्र दोन लांब चिपा होत्या. त्यांवरची चिकटपट्टी सोलली तर खाली काचेची गोल खिडकी! म्हणजे आपल्या प्रयोगशाळेत विद्यार्थी वापरतात तीच जात: आतला मजकूर अतिनील प्रकाशाने पुसता येतो आणि नवा भरता येतो. माझ्या आधी कुण्या अनोळखी कारागिराने ही कॅसेट अशीच भरली होती. ही चोरीच, यात शंका नाही. पण तिच्यावाचून हा खेळ सौंसरपर्यंत पोचला नसता, हेही तितकेच खरे.

दोन्ही चिपा वाचून पाहिल्या. एकीत ३२ किलोबाइटांचा कार्यक्रम, दुसरीत ८ किलोबाइटांची चित्रे. संपूर्ण खेळ ४० किलोबाइटांत! आजचा मोबाइलमधला एक फोटोसुद्धा याहून कितीतरी मोठा असतो. काटकसर तरी किती: आकाशातले ढग आणि जमिनीवरची झुडपे ही एकच चित्रे आहेत, फक्त रंग वेगळा. प्रत्येक चित्राचा तुकडा आठ ओळी आणि आठ रकान्यांचा, म्हणजे चौसष्ट ठिपक्यांचा. अशा ५१२ तुकड्यांच्या दुसऱ्या अर्ध्यातले पहिले ३६ अंकांचे आणि रोमन अक्षरांचे. शून्य ते नऊ हे आकडे आपापल्या क्रमांकाच्या घरात, 'ए' १० व्या घरात, 'बी' ११ व्या. कार्यक्रमाच्या चिपेत जिथे १६, १०, २२, १४ असे आकडे सापडतील तिथे 'गेम' लिहिलेले असते. एका चिपेत कित्ता, दुसरीत शुद्धलेखन, म्हणा ना.

मग मनात आले, ही घरे आईच्या अक्षरांना द्यावीत. 'गेम ओव्हर'च्या नऊ घरांत 'खेळ संपला' बसते का?

बसते, पण रडतकढत. वरच्या दोन ओळी मात्रा आणि अनुस्वाराला, तिसरी शिरोरेघेला, अक्षराला उरल्या पाच. 'ख'ला दोन घरे द्यावी लागली. शिरोरेघ घराच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत नेली की शेजारचे अक्षर आपोआप जोडले जाते. रोमनमध्ये ही मजा नाही. सगळ्यात छळले 'ळ'ने. दोन वाटोळी शेजारी शेजारी, पाच ओळींत! कधी चष्मा होई, कधी इंग्रजी आठ आडवा पडलेला.

या 'ळ'शी माझे नाते तसे अवघडच. १९५६ साली नागपूर-विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आमचा छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. (२०२३ पासून सौंसर नव्या पांढुर्णा जिल्ह्यात आहे.) शाळा हिंदी, तिच्या वर्णमालेत 'ळ' नाही. घरी मराठी, पण आमच्या बोलीत 'ळ'चा 'य' होतो: पोळ्याचा पोया, डोळ्याचा डोया. लिहिण्यात नाही आणि बोलण्यातही नाही, असे हे अक्षर मला प्रथम भेटले आईच्या पत्रांत. बोलताना 'जवय' म्हणणारी आई लिहिताना 'जवळ' लिही. या सीमाभागात नोकरीला आलो आणि पाहतो तो जिकडेतिकडे 'ळ'! शेजारच्या टेबलावरचे कन्नडचे प्राध्यापक तर म्हणाले, "आमचा पाऊस 'मळे', नदी 'होळे' आणि केळे 'बाळे'. तुमच्यापेक्षा जास्तच आहेत, हवे तर घेऊन जा." शेवटी 'ळ' मी त्यांच्याच समोर बसून काढला. दोन वर्तुळांना मधली भिंत सामाईक दिली, आणि सात ठिपक्यांच्या रुंदीत तो नीट बसला.

पहिल्या प्रयत्नात एक गंमत झाली. 'ळ' मी 'एम'च्या घरात घातला होता. खेळ सुरू केला तर डाव्या कोपऱ्यात मारिओच्या नावाच्या आरंभीच 'ळ' दिमाखाने उभा! एक घर बदलले की ते अक्षर येईल तिथे बदलणारच. हे मी दर वर्षी शिकवतो, आणि तरीही चुकलो. मग शेवटच्या किल्ल्यातल्या निरोपांतच लागणारी अक्षरे निवडून त्यांची घरे घेतली. राजकन्येच्या निरोपाचे कडबोळे झाले. पण आई तिथवर पोचण्याचा संभव नव्हता. 'टाइम'च्या जागी 'वेळ' आणले, 'वर्ल्ड'च्या जागी 'जग'. जुन्या चिपा पुसायला हात धजेना, म्हणून दुसऱ्या आणून त्यांत हे सारे भरले.

गेल्या दिवाळीत तो संच सौंसरला नेला. आईच्या हाती रिमोट दिला. तिने आधी चष्मा पुसला, मग "वेय... जग..." असे वाचले आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "मराठी हाय रे हे!" मग पहिल्याच शत्रूला जाऊन धडकली. दुसऱ्यांदाही तोच. तिसऱ्यांदा खड्ड्यात. पडदा काळा झाला. ती जवळ सरकली आणि बोट लावून एकेक अक्षर वाचू लागली, "खे-य सं-प-ला."

जरा वेळ ती गप्प बसली. ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, ती हळूच आत सरकली.

"काहून रे," आई म्हणाली, "तवा बी हेच लिवलं राहे का?"

मी वायर गुंडाळायला लागलो. तिने रिमोट सोडला नाही.

"थांब. गुंडाळू नको. पुन्हा लाव."